मिश्र मालासाठी सुट्या फाळक्यांचा ट्रेलर कसा निवडावा

जालन्याच्या रोलिंग मिलमधून सळई भरून कळंबोलीला रिकाम्या झालेल्या ट्रेलरला परतीचे भाडे सळईचे मिळत नाही. मिळतो तो न्हावा-शेवा बंदरातून निघालेला कंटेनर, एखाद्या कारखान्यासाठी आलेले यंत्र, पाइपांचे गठ्ठे, नाहीतर गोण्यांतला माल. सपाट ट्रेलरवर नुसत्या दोरांच्या भरवशावर गोण्या रचून घाट चढण्याचे धाडस शहाणा वाहतूकदार करत नाही, आणि पक्क्या हौद्याच्या ट्रेलरवर कंटेनर बसत नाही. ज्याचे बाजूचे फाळके (कडेच्या बुटक्या पत्र्याच्या भिंती) आणि ते धरून ठेवणारे खांब काढून ठेवता येतात, असा ट्रेलर या दोन्ही अडचणींवरचा उपाय म्हणून घेतला जातो. उपाय चांगला आहे, परंतु तो फुकट मिळत नाही. फाळक्यांचे वजन कायमचे वाहावे लागते, बिजागऱ्या आणि खिट्ट्या झिजतात, सुटे भाग हरवतात, आणि चढवण्या-उतरवण्यात माणसांचा वेळ जातो. म्हणून प्रत्येकाने तो घ्यावा, असे नाही.

विक्रेत्याकडे जाण्याआधी गेल्या वर्षभराच्या बिल्ट्या (माल पाठवल्याच्या पावत्या) काढून बसावे. प्रत्येक फेरीपुढे माल कोणता होता, तो वरून क्रेनने भरला, बाजूने फोर्कलिफ्टने भरला की हमालांनी मागून भरला, आणि उतरवण्याच्या ठिकाणी कोणती सोय होती, एवढेच लिहावे. वर्षातून दोन-चारदाच फाळके लावावे लागणार असतील, तर नुसते सुटे खांब असलेला सपाट ट्रेलर हलका आणि स्वस्त पडतो. याउलट बहुतेक माल गोण्यांचाच असेल आणि कंटेनर क्वचितच मिळत असेल, तर सुट्या फाळक्यांवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. बिजागरीवर खाली पडणारे, पण कायम जोडलेले फाळके पुरेसे आहेत. खरी गरज आहे ती जाताना एक आणि येताना दुसरा, अशा दोन जातींचा माल नियमितपणे वाहणाऱ्याला.

वजनाचे गणित

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ॲक्सलवरील भाराच्या मर्यादा वाढवल्या. त्यानुसार दोन ॲक्सलचा घोडा (ट्रेलर ओढणारा पुढचा ट्रक) आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर या जोडीला घोड्याच्या पुढच्या ॲक्सलवर ७ टन, मागच्या ॲक्सलवर ११.५ टन आणि ट्रेलरच्या तीन ॲक्सलवर मिळून २७ टन, असे एकूण ४५.५ टन वजन चालते. घोडा तीन ॲक्सलचा असेल, तर हाच आकडा ५५ टनांपर्यंत जातो. यातून घोड्याचे आणि ट्रेलरचे रिकामे वजन वजा केले की उरतो तो आपला धंदा, आणि फाळके नेमके याच उरलेल्या भागातून आपला वाटा कापून घेतात.

तो वाटा किती, हे कागदावर काढता येते. दोन मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला १५.७ किलो भरते. १२.२ मीटर लांबीच्या ट्रेलरला दोन्ही बाजूंनी आणि मागून ८०० मिलिमीटर उंचीचे फाळके लावले, तर सुमारे साडेएकवीस चौरस मीटर पत्रा लागतो, म्हणजे नुसता पत्राच ३४० किलोंच्या आसपास जातो. त्यावर चौकटी, बिजागऱ्या, खिट्ट्या आणि खांब धरले की सहज पाऊण टन होतो. सिमेंटच्या हिशेबाने ही पंधरा गोण्यांची जागा झाली. विक्रेता ट्रेलरचे रिकामे वजन सांगतो, तेव्हा ते फाळक्यांसह आहे की फाळक्यांशिवाय, हे लेखी विचारावे. बहुतेक वेळा जाहिरातीतला आकडा फाळक्यांशिवायचा असतो.

एकूण वजन मर्यादेत असले म्हणजे प्रश्न मिटला, असे मात्र समजू नये. मिश्र मालात खरी फसगत भारमध्यात, म्हणजे सारे वजन जिथे एकवटते त्या बिंदूत, होते. समजा, १२.२ मीटर लांबीच्या ट्रेलरची किंगपिन (ट्रेलर घोड्याला जोडणारा खिळा) समोरच्या कडेपासून १ मीटर आत आहे आणि तिथून तिन्ही ॲक्सलचा मध्य ८ मीटरवर आहे. ३० टन माल पुढच्या भिंतीपासून शेवटपर्यंत सारखा पसरला, तर भारमध्य किंगपिनपासून ५.१ मीटरवर येतो. त्यामुळे ट्रेलरच्या ॲक्सलवर सुमारे १९ टन आणि घोड्यावर सुमारे ११ टन माल पडतो. रिकाम्या ट्रेलरच्या ७ टनांपैकी २ टन आधीच घोड्यावर टेकलेले असतात, आणि घोड्याचे स्वतःचे वजन साडेसात टन धरले, तर घोड्याच्या दोन ॲक्सलवर साडेवीस टन होतात. मर्यादा साडेअठरा टनांची आहे. एकूण वजन ४४.५ टन, म्हणजे कागदोपत्री सगळे ठीक. तरीही घोड्याचे मागचे टायर आणि पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) दोन टन जादा ओझे वाहत असतात. याच मोजमापाच्या ट्रेलरवर ॲक्सलचा संच ८ मीटरऐवजी ७.३ मीटरवर बसवलेला असता, तर सारखा पसरलेला माल घोड्यावर सुमारे ९ टनच टेकला असता आणि दोन्ही आकडे मर्यादेत राहिले असते. म्हणून किंगपिनपासून ॲक्सलच्या मध्यापर्यंतचे अंतर हा विक्रेत्याला विचारायचा पहिल्या पाचांतला प्रश्न आहे, आणि तो आपल्या घोड्याचे वजन हाताशी ठेवूनच विचारावा. वजनकाट्यावरही फक्त एकूण वजनाची पावती न घेता एकदा घोड्याची चाके तेवढी काट्यावर ठेवून वेगळी नोंद घ्यावी.

जादा भार सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ नुसार २०,००० रुपये दंड, त्यावर दर जादा टनामागे २,००० रुपये आणि जादा माल उतरवून घेण्याचा खर्च, असा हिशेब आहे. माल बॉडीच्या बाहेर, मागे किंवा मर्यादेपेक्षा वर डोकावत असेल, तरी दंड २०,००० रुपयांचाच. सळईवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. सळई सहसा १२ मीटर लांबीची येते आणि आखूड ट्रकवर ती मधोमध वाकवून भरावी लागते, १२.२ मीटरच्या ट्रेलरवर ती सरळ बसते. त्यापेक्षा आखूड ट्रेलर स्वस्त मिळतो म्हणून घेतला, तर सळईचे गिऱ्हाईक गमावल्यासारखेच आहे.

खांब आणि खाच

फाळका चांगला दिसतो, म्हणून लोक फाळका पाहतात. पत्र्याची नक्षी, रंग, खिट्टीचा आवाज यांवर मन जाते. परंतु बाजूचा जोर शेवटी फाळक्यावर नव्हे, तर खांबावर आणि खांब ज्या खाचेत उभा राहतो तिच्यावर येतो. सुट्या फाळक्यांच्या ट्रेलरची खरी परीक्षा इथेच आहे, आणि माझ्या मते किमतीत घासाघीस करायची असेल, तर ती या एका जागी कधीही करू नये.

युरोपातील ईएन १२६४२ या मानकाच्या साध्या श्रेणीत बाजूच्या भिंतीने मालाच्या वजनाच्या ३० टक्के इतका आडवा जोर सोसावा, अशी अपेक्षा आहे. आपल्या ३० टन मालाला तोच हिशेब लावला, तर एका बाजूवर ९ टन जोर येतो. एका बाजूला प्रत्येकी सुमारे तीन मीटरचे चार फाळके असतील, तर मधल्या तीन खांबांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सव्वादोन टन येतात. हा जोर तळापासून ४०० मिलिमीटर उंचीवर लागतो असे धरले आणि खाच २५० मिलिमीटर खोल असली, तर खाचेच्या वरच्या काठावर सुमारे ६ टनांचा दाब पडतो. खाच १५० मिलिमीटरच खोल असेल, तर तोच दाब सव्वाआठ टनांवर जातो. एवढ्या दाबाने काठ हळूहळू फाकतो, खांब बाहेरच्या बाजूला कलतो, आणि एके दिवशी फाळका बंदच होत नाही. पावसाळ्यात बोरघाटातून किंवा कसारा घाटातून भरलेल्या गोण्यांसह उतरताना प्रत्येक वळणावर हा दाब एकदा डाव्या, एकदा उजव्या बाजूच्या खाचेवर येत राहतो.

तेव्हा खाच किती खोल आहे, हे टेपने मोजावे. ती नुसती बाहेरच्या चॅनलला (कडेच्या लांब पोलादी पट्टीला) वेल्ड केलेली आहे की तळाखालच्या आडव्या मेंबरच्या (आडव्या पोलादी पट्टीच्या) टोकाशी जुळवून, मागे आधाराची पट्टी देऊन बसवलेली आहे, हे ट्रेलरखाली वाकून पाहावे. नुसत्या चॅनलला चिकटवलेली खाच चॅनलसकट पिळली जाते. खाचेच्या तळाला भोक हवे, नाहीतर चिखल आणि पाणी साठून खांब तिथेच गंजतो आणि घण मारल्याशिवाय निघत नाही. त्यानंतर विक्रेत्याच्या आवारातच सर्व खांब काढायला सांगावेत आणि ते मुद्दाम उलटसुलट करून पुन्हा लावून पाहावेत. डावीकडचा दुसरा खांब उजवीकडच्या तिसऱ्या खाचेत सहज बसला पाहिजे. ज्या ट्रेलरवर प्रत्येक खांब आपल्याच खाचेत बसतो, त्याच्या कारखान्यात जिग (एकसारख्या मापासाठीचा साचा) न वापरता हाताच्या मापाने काम झालेले असते, आणि पुढे एक खांब वाकला की नवा खांब तंतोतंत जुळणार नाही. खांब वर उचलला जाऊ नये म्हणून आडवी पिन असावी आणि ती साखळीने बांधलेली असावी, कारण सुटी पिन क्लीनरच्या हातून पहिल्या महिन्यातच हरवते.

खांब फाळक्यांशिवाय एकटेही लावता आले पाहिजेत, ही अट अनेक जण विसरतात. सळई आणि पाइप भरताना फाळके लावूच नयेत, कारण क्रेनवरून उतरणारा सळईचा गठ्ठा थोडा जरी झुलला, तरी फाळक्याच्या खालच्या भागावर आपटतो आणि तिथला पत्रा कायमचा आत जातो. अशा मालाला खांब, लाकडी गुटके, साखळ्या आणि समोरची भक्कम भिंत पुरते. ब्रेक लागताच सळई पुढे घोड्याच्या केबिनवर सरकते, म्हणून समोरची भिंत ही शोभेची नसावी. ती मुख्य बीमला वरून बोल्ट केलेली की बीममध्ये उतरवून वेल्ड केलेली, हे पाहावे.

फाळक्याची उंची, लांबी आणि धातू

उंची ठरवताना अंदाज बांधण्यापेक्षा मालाच्या घनतेवरून काढावी. ट्रेलरच्या तळाचे क्षेत्र सुमारे ३० चौरस मीटर धरले, तर ३० टन सिमेंट पाऊण मीटरच्या आत बसते, तेवढ्याच वजनाच्या साखरेच्या पोत्यांची रास सव्वा मीटरच्या आसपास जाते आणि कांदा पावणेदोन-दोन मीटरपर्यंत चढतो. म्हणजे ८०० मिलिमीटरचा फाळका सिमेंटला पूर्ण पुरतो; साखरेला आणि कांद्याला तो खालच्या थरांना घट्ट धरून ठेवतो आणि वरचे थर आडवे-उभे गुंफून, ताडपत्री आणि दोर यांनी बांधावे लागतात. एक मीटर किंवा त्याहून उंच फाळका मोहात पाडतो, पण तो उचलायला जड, खाली सोडला की जमिनीच्या जवळ लोंबणारा आणि खाचेवर जास्त ताण देणारा असतो. मिश्र मालासाठी मला ८०० मिलिमीटर हीच उंची योग्य वाटते. कांदा नियमित न्यायचा असेल, तर पूर्ण पत्र्याऐवजी जाळीचे वेगळे फाळके करून घ्यावेत, कारण बंद फाळका आणि वर ताडपत्री या जोडीत कांद्याला घाम सुटतो आणि लासलगावहून निघालेला माल उतरवेपर्यंत खालचे थर ओलसर होतात.

लांबीचा विचार माणसांच्या हिशेबाने करावा. तीन मीटरचा पोलादी फाळका चौकटीसह साठ-सत्तर किलो भरतो. तो दोन माणसे उचलू शकतात. दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटरचे लांब फाळके दिले, तर खांब कमी लागतात आणि किंमत उतरते, पण प्रत्येक वेळी क्रेन किंवा चार माणसे शोधावी लागतात, आणि ती मिळत नाहीत म्हणून फाळके कधी काढलेच जात नाहीत.

ॲल्युमिनियमचे फाळके हलके असतात, गंजत नाहीत, आणि चाकणच्या वाहन उद्योगातला पॅलेटवरचा माल किंवा खोकी वाहणाऱ्याला ते परवडतात. परंतु सळई, भंगार, दगडी लाद्या यांच्या सोबतीला ते घेऊ नयेत. पोलादाचा फाळका कोणत्याही महामार्गावरच्या गॅरेजात ठोकून सरळ होतो. ॲल्युमिनियमला वेल्डिंग करणारा कारागीर आणि त्याचे साहित्य आडवाटेला मिळत नाही.

काढलेले फाळके ठेवायचे कुठे, हा प्रश्न खरेदीच्या वेळी कोणी विचारत नाही. ४० फुटी कंटेनर ट्रेलरची सारी लांबी व्यापतो. फाळके जालन्याच्या आवारात ठेवून यावेत, तर कळंबोलीहून गोण्यांचे भाडे मिळाल्यावर ते हाताशी नसतात, आणि सुटे फाळके घेतल्याचा सगळा फायदा तिथेच संपतो. म्हणून पुढचे टेकू आणि ॲक्सल यांच्या मधल्या भागात, बीमखाली किंवा बाजूला, फाळके आणि खांब अडकवून कुलूप लावण्याची जाळीसारखी जागा कारखान्यातूनच करून घ्यावी. ती बाजूच्या सुरक्षा-पट्ट्यांच्या आड येऊ नये आणि स्टेपनी काढताना अडवू नये, एवढे पाहावे.

तळ, कड्या आणि कंटेनरची कुलपे

वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही, पण आपल्याला उपयोगी पडते ती फाळक्यांच्या आतली रुंदी. १२०० बाय १००० मिलिमीटरची दोन पॅलेट १२०० च्या बाजूने शेजारी ठेवायची, तर २.४ मीटर लागतात, आणि फोर्कलिफ्ट चालवणाऱ्याला थोडी मोकळीक हवी म्हणून आत निदान २.४४ मीटर असावेत. खांब फाळक्यांच्या आत डोकावणारे असतील, तर ही रुंदी दोन फाळक्यांच्या मध्ये न मोजता समोरासमोरच्या दोन खांबांच्या मध्ये मोजावी.

तळाचा चेकर्ड प्लेटचा पत्रा किती जाड आहे, हे विक्रेते आवर्जून सांगतात. त्याखालचे आडवे मेंबर किती अंतरावर आहेत, हे सांगत नाहीत. ते ४०० ते ५०० मिलिमीटरच्या आत असावेत. पोलादी कॉइलसारखा माल एका रेघेवर सारे वजन टाकतो, तेव्हा त्याखाली जाड लाकडी ओंडके अशा रीतीने द्यावेत की भार दोन्ही मुख्य बीमवर उतरेल. तळ कितीही जाड असला, तरी तो या कामासाठी नसतो. मुख्य बीमचे पोलाद कोणत्या प्रतीचे आहे, हे विचारावे. आयएस २०६२ या पोलादाच्या भारतीय मानकातील ई २५० आणि ई ३५० यांच्या ताकदीत मोठा फरक आहे, आणि जास्त ताकदीचे पोलाद वापरलेला ट्रेलर त्याच मजबुतीला हलका बनतो.

माल बांधण्याच्या कड्या कुठे आहेत, याकडे बारकाईने पाहावे. साध्या ट्रेलरवर दोर अडकवण्याचे हूक बाहेरच्या चॅनलखाली असतात. फाळके लावल्यावर पट्टा त्यांच्यावरून घालावा लागतो, तो ताणला की फाळक्याची वरची कड दबते आणि माल मात्र सैलच राहतो. यासाठी फाळक्यांच्या आतल्या बाजूला, तळाच्या पातळीखाली बसणाऱ्या कड्या दर सव्वा मीटरवर हव्यात. फाळका म्हणजे माल बांधण्याला पर्याय नव्हे. पेटीत भरलेले यंत्र फाळक्यांच्या मध्ये नुसते ठेवून नेणाऱ्यांनी हे समजून घ्यावे.

कंटेनरचे कोपरे तळाला जखडणारी आठ कुलपे असली की एक ४० फुटी किंवा दोन २० फुटी डबे बसतात. एकच जड २० फुटी डबा मधल्या भागात ठेवायचा असेल, तर बारा लागतात. भंगाराचे डबे बहुधा तसेच येतात, म्हणून बारा घ्यावीत. कुलपे तळात पूर्ण बुडणारी असावीत, नाहीतर ती गोण्या फाडतात. खाचांचे काठ किंवा बिजागऱ्यांचे भाग तळाच्या वर डोकावत असतील, तर २.४३८ मीटर रुंदीचा डबा त्यांच्यावर बसतो आणि कुलूप लागत नाही. उंच प्रकारचा डबा २.९ मीटर उंच असतो आणि २०२० च्या दुरुस्तीनुसार कंटेनर नेणाऱ्या ट्रेलरला ४.५२ मीटर एकूण उंची चालते. त्यामुळे तळाची उंची दीड मीटरच्या आसपासच ठेवावी.

पाट्यांचे सस्पेन्शन बहुतेकांना पुरते. नाजूक यंत्रे नेणाऱ्यानेच हवेच्या सस्पेन्शनचा विचार करावा.

जुना ट्रेलर घेताना

रंगावर जाऊ नये. रिकाम्या ट्रेलरच्या मुख्य बीमकडे मागून एक डोळा मिटून पाहावे. नव्या ट्रेलरचा तळ मधोमध किंचित वर उचललेला असतो, आणि ती कमान गेली असेल किंवा उलटी झाली असेल, तर त्याने कायम जादा ओझे वाहिलेले आहे. बीम जिथे उंचीला बदलते त्या मानेजवळ वेल्डिंगचे ठिगळ दिसले, तर व्यवहार तिथेच थांबवावा. खाचांचे काठ फाकलेले, खांब वेगवेगळ्या जातींचे, फाळक्यांना खिट्टीऐवजी तार गुंडाळलेली, अशा खुणा पुष्कळ सांगून जातात. किंगपिनची झीज गेजने मोजून घ्यावी.

कागद आणि ताबा

ट्रेलरला मोटार वाहन नियमांखालील मान्यता आहे का, आणि ती फाळक्यांसहच्या रचनेची आहे का, हे एआयएस-११३ या ट्रेलरच्या मान्यतेच्या मानकाच्या प्रमाणपत्रावरून तपासावे. सपाट ट्रेलर घेऊन नंतर गावच्या बॉडी बिल्डरकडून फाळके बसवून घ्यावेत, असा सल्ला हमखास मिळतो. परंतु कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलापेक्षा वेगळा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि पासिंगच्या वेळी हे अंगाशी येते. बाजूची आणि मागची सुरक्षा-पट्टी, परावर्तक फिती आणि दिवे फाळके लावलेले असतानाही दिसले पाहिजेत. फाळके खाली लोंबते ठेवून ट्रेलर आवारातही हलवू नये, कारण ते दिवे झाकतात आणि टायरला घासतात.

खरेदीच्या करारातच चार जादा खांब, डझनभर पिना आणि एक जादा फाळका लिहून घ्यावा. नंतर त्याच मापाचे सुटे भाग मागवायला महिने जातात. ताबा घेताना सर्व फाळके, खांब आणि स्टेपनी चढवून ट्रेलर कारखान्याबाहेरच्या वजनकाट्यावर न्यावा, आलेले रिकामे वजन नोंदणीच्या कागदावरील आकड्याशी ताडून पाहावे, आणि ते जुळेपर्यंत शेवटचा हप्ता हातचा राखून ठेवावा.